डोक्यावरची तिरकी रेघ

मी फक्त एक शब्द शिकायचं ठरवलं होतं. एकच. आणि तोही 'हो'. पंचावन्नाव्या वर्षी माणूस एवढ्यासाठी धडपडतोय हे कळलं तर लोक हसतील, म्हणून मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर निम्मी चिखली पांढरे कपडे घालून माझ्या दारात आली नसती.

झालं असं, की आमची समता स्पेनमध्ये सेव्हिल नावाच्या शहरात शिकायला गेली. ती पाण्यातल्या शेवाळावर संशोधन करते. (शेवाळ आमच्या हौदातही भरपूर होतं, पण त्यावर शिष्यवृत्ती नव्हती.) तिथं तिला आल्वारो भेटला. "पप्पा, आम्ही लग्न करायचं म्हणतोय," असं तिनं फोनवर सांगितलं, तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी फोन ठेवून थेट चौकात गेलो आणि पेढे आणले. पण फोनवर मी काय बोललो? "बरं." एवढंच.

त्याचं कारण आहे. आमच्या घरातला 'हो' हिच्याकडे होता. ही म्हणजे माझी बायको. कुणी आमंत्रण घेऊन येवो, कुणी स्थळ घेऊन येवो, ही आतून हात पुसत यायची आणि म्हणायची, "यांचं हो आहे बरं का." मी मान हलवायचो. तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि घरातला 'हो'ही गेला. तेव्हापासून मी 'बरं', 'बघू' आणि 'टेबलावर ठेवा' यांवर दिवस काढतोय. एका ज्युनियर कॉलेजात मी हेडक्लार्क आहे. तिथं तेवढ्यावर भागतं.

व्हिडिओ कॉलवर मात्र भागलं नाही. आल्वारोची आई, पिलारबाई, पडद्यावर आली, माझ्याकडे पाहून गोड हसली आणि काहीतरी विचारलं. मी आदरानं दोन्ही हात जोडले. दोन्ही हात जोडल्यामुळे फोन सुटला आणि वरणाच्या भांड्यात पालथा पडला.

दुसऱ्या दिवशी समताचा फोन.

"पप्पा, पिलार विचारत होती, तुझ्या वडिलांना हे लग्न पसंत नाही का?"

"असं कसं? मी पेढे आणले होते."

"ते तिला कसं दिसणार? ती म्हणते, त्या माणसाची एकुलती एक पोरगी मी एवढ्या दूर ठेवून घेणार. त्यांनी स्वतःच्या तोंडानं हो म्हटल्याशिवाय मी साक्षगंध करणार नाही."

"मग तू सांग ना, हो आहे म्हणून."

"आई सांगायची तसं?" समता म्हणाली. "ते दोघं माझ्यासोबत येताहेत पप्पा. चिखलीला. शनिवारी पाहुणचार, आणि तुम्ही हो म्हटलं तर रविवारी साक्षगंध."

"आणि म्हणता आलंच नाही तर?"

"मग रविवारी लोणार सरोवर बघून परत."

आता तुम्हीच सांगा, पोरीचं लग्न एका बाजूला आणि माझी जीभ दुसऱ्या बाजूला. मी त्याच संध्याकाळी मोबाइलवर स्पॅनिश शिकवणारं अ‍ॅप घेतलं. 'हो'ला स्पॅनिशमध्ये म्हणतात 'सी'. संपलं! एका अक्षराचा शब्द! मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. मग खाली बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं आणि परत बसलो.

त्यात लिहिलं होतं, की या 'सी'वर एक तिरकी रेघ असते. मोरपीस खोचावं तशी, डोक्यावर. रेघ असेल तर अर्थ 'हो'. रेघ नसेल तर अर्थ 'जर'.

एका रेघेनं 'हो'चा 'जर' होतो? मी पुढं शोधत गेलो आणि मला अक्षरशः खजिना सापडला. 'मास'वर रेघ दिली की 'अजून', काढली की 'पण'. 'ते'वर दिली की 'चहा', काढली की चहा गायब. आणि 'पापा'च्या शेवटच्या अक्षरावर रेघ असेल तर बाप. नसेल तर, सेव्हिलच्या बाजूला, बटाटा! रेघ आली की हो, अजून, चहा, बाप. रेघ गेली की जर, पण, बटाटा. माझी सगळी नोकरी बिनरेघेची झाली होती आणि हे मला आत्ता कळत होतं!

पण एक पेच पडला. अ‍ॅपमधली बाई दोन्ही 'सी' सारखेच म्हणत होती. मी कान लावून, लावून, लावून ऐकलं. फरक लागेना. म्हणजे मी पिलारबाईंसमोर जिवाच्या आकांतानं 'सी' म्हणायचं आणि त्यांनी ते 'जर' समजायचं? तोंडानं बोललेल्या शब्दाला रेघ दाखवायची कुठून? (इथं ही असती तर म्हणाली असती, "अहो, बाई तुमच्या चेहऱ्याकडे पाहील की." पण माझ्या चेहऱ्यावर ऑफिसची वेळ सोडून काही दिसत नाही, असं तीच म्हणायची.)

तेव्हा ठरलं. 'हो' लिहूनच दाखवायचा. आणि चिखलीत एखादी गोष्ट मनापासून सांगायची असेल तर माणूस काय करतो? फ्लेक्स लावतो.

बसस्टँडजवळ वाहेदचं फ्लेक्सचं दुकान आहे. तालुक्यातले सगळे वाढदिवस, निवडी आणि निधनं त्याच्या हाताखालून जातात.

"वाघ टाकू का सर मांगं?" वाहेदनं कॉम्प्युटर सुरू करता करता विचारलं. "डरकाळी फोडनारा आला हाय नवा."

"वाघ नको. पाहुणे परदेशी आहेत, घाबरतील. मजकूर हा." मी कागद पुढं केला. त्यावर स्पॅनिशमध्ये होतं, 'हो! सुस्वागतम्. समताचा बाप.' खाली पाहुणे येण्याची तारीख आणि जाण्याची तारीख. (पाहुणा कधी आला आणि कधी गेला याची नोंद नसली की हेडक्लार्कला झोप लागत नाही.) "आणि वाहेद, या दोन रेघा बघ. ही 'सी'वर, ही 'पापा'वर. या दोन रेघांवर माझ्या पोरीचं लग्न आहे."

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं होतं तो हसेल. तो ताठ बसला.

"सर, आमच्या उर्दूत बी असंच राह्यते. जेर, जबर, पेश, अक्षराच्या वरखाली खुना. लहानपनी मौलवीसाहेब एका जबरसाठी छडी मारत. तुमी बेफिकर राहा. रेघ पक्की देतो."

आणि आम्ही दोघं कामाला लागलो! काय सांगू, इतका उत्साह मला हेडक्लार्क झालो तेव्हाही आला नव्हता. वाहेदनं आधी गुलाबी फुलांची कमान टाकली. रेघ फुलांत हरवली.

"कमान काढ."

कमान गेली. मग फुगे होते. एका फुग्याचा दोरा 'सी'च्या बाजूला आला आणि दोन रेघा दिसायला लागल्या.

"फुगे काढ."

"वरून एक मराठी ओळ टाकू का? लोकाले समजलं पाह्यजे."

"अरे, मराठीत मात्रा, वेलांट्या, रफार. त्या गर्दीत आपली एकटी रेघ कुणाला दिसणार?"

"हाव, हे बराबर हाय," वाहेद म्हणाला आणि मराठी ओळ गेली.

"पन फोटोबिना फ्लेक्स नसते सर. लोकं म्हनतीन, कोनाचं हाय?"

मोबाइलमध्ये माझा एकच धड फोटो होता, बढती झाली तेव्हाच्या सत्काराचा. गळ्यात झेंडूचा भलामोठा हार आणि चेहरा, वर सांगितलं तसा. तो मधोमध बसवला. तर हारातली एक पाकळी नेमकी खालच्या ओळीतल्या भलत्याच अक्षराच्या डोक्यावर आली!

"रेघच वाटून राह्यली!" वाहेद ओरडला.

"काय करायचं?"

"रंग काढतो फोटोतला. मंग पाकळी दिसनारच नाही."

माझा फोटो काळापांढरा झाला. शेवटी वाहेदला कल्पना सुचली. मागची जमीन पूर्ण काळी केली आणि अक्षरं पांढरी. आणि काय सांगू! त्या काळ्यावर दोन्ही रेघा अशा चमकल्या, जशा अंधाऱ्या घरात कुणी दोन काड्या ओढाव्यात. आम्ही दोघं कितीतरी वेळ त्या रेघांकडे पाहत राहिलो. मला भरून आलं. वाहेदनं चहा मागवला.

रेघा सोडून बाकीच्या फ्लेक्सकडे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.

शनिवारी भल्या सकाळी वाहेदनं फ्लेक्स आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांधला. दुपारी पाहुणे येणार म्हणून मी मोजक्या मंडळींना सांगितलं होतं, आपल्याकडे बुद्धवंदनेला येतो तसे पांढरे कपडे घालून या, परित्राण पाठ होईल, पाहुण्यांना बरं वाटेल. वरवट बकालहून माझी थोरली बहीण, भिमाआक्का, पहिल्या एसटीनं निघाली होती. मी मोबाइल मुका करून ठेवला आणि न्हाणीघरात आरशासमोर उभा राहून सराव सुरू केला. सी. सी. सी. त्या नादात मोबाइल थरथर थरथर करत स्टुलावरून खाली पडला. मी लक्ष दिलं नाही. सराव रंगात आला होता.

अर्ध्या साबणात मला बाहेरून हंबरडा ऐकू आला.

"माह्या शंकऱ्याऽऽ! मले न सांगता कसा गेला रे माह्या भावाऽऽ!"

आवाज आक्काचा होता. माझ्या डोक्यात काय यावं? आमच्या मागच्या गल्लीत माझ्याच नावाचे आणखी एक शंकरराव आहेत, ट्रॅक्टरवाले. मला फार वाईट वाटलं. भला माणूस. आणि नेमका आजच. (आणि आक्काची त्यांच्याशी एवढी ओळख कधी झाली, याचं थोडं आश्चर्यही वाटलं.) घाईनं पांढरा सदरा चढवला, खिडकीतून पाहिलं तर अंगणात पांढऱ्या कपड्यांची ही गर्दी! माझे पाहुणे वेळेआधी आले आणि बिचारे थेट दुःखात सापडले, असं वाटून मी मागच्या दारानं बाहेर पडलो, घराला वळसा घातला आणि अशा प्रसंगी माझी जी जागा ठरलेली असते, सगळ्यांच्या मागे, तिथं जाऊन मान खाली घालून उभा राहिलो. पुढ्यात शेजारचे गुलाबराव होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

"केव्हा गेले?" मी हळूच विचारलं.

"रातीच म्हनतात," गुलाबराव न वळता म्हणाले. "झोपीतच. कोनाले तरास नाही देल्ला."

"आजारी होते का?"

"नाही बावा. मनातच कुढत होते. बायको गेली तवापासून बोलनंच सोडलं होतं."

ट्रॅक्टरवाल्यांच्या बायकोला मी कालच मेथी घेताना पाहिलं होतं. "त्यांची बायको कधी गेली?"

"तीन वर्सं झाली नं. ती होती तवरक त्या घरातून आवाज येत होता. मंग मानूस नुसता सायकलीवर जाये अन् सायकलीवर ये." गुलाबरावांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले. "मानूस सोन्यासारखा, पन कोनाले कधी समजलं नाही, याच्या मनात काय हाय. आता पोरगी स्पेनातून येऊन राह्यली, संगं पाहुने. तिले कोन सांगन?"

मी तिथंच उभा होतो. गेली तीन वर्षं मी कसा दिसत होतो, ते एखाद्याला त्याच्या दारात उभं करून, इतक्या मायेनं, कुणी सांगतं का?

"गुलाबराव," मी म्हणालो, "ते शंकरराव म्हणजे मी."

"हाव बावा," गुलाबराव सुस्कारा सोडून म्हणाले. "आज ते, उद्या आपन. समदेच शंकरराव."

"तसं नाही हो. मी. इथं. जिवंत."

गुलाबराव वळले. पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण ते माझ्याच अंगावर कोसळले. त्या आवाजानं सगळी गर्दी वळली. एक बाई किंचाळली, दोघं मागे सरकले, आणि गर्दी चिरत भिमाआक्का माझ्यापर्यंत आली. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, कानाला लागलेला साबण पुसला आणि मग एक सणसणीत लगावली.

"मेला नाही तं फोटो कायले टांगला बे तसा! काया कपडा, गयात हार, खाली दोन तारखा! मी एसटीतून उतरली अन् पह्यलं तेच दिसलं!"

"आक्का, त्या तारखा पाहुण्यांच्या आहेत. आणि वर स्पॅनिशमध्ये स्पष्ट लिहिलंय, सुस्वागतम्!"

"कोनाले येते इथं तुह्यं स्पॅनिश?"

मोबाइल आणून पाहिला, तर आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी फ्लेक्सचा फोटो टाकलेला आणि खाली श्रद्धांजल्यांची रांग. कसलाही फोटो दिसला की वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे आमचे एक सर आहेत. त्यांनी मला उदंड आयुष्य चिंतलं होतं. त्यांचंच लागू पडलं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडीचा हॉर्न वाजला.

आता चित्र डोळ्यांपुढं आणा. संभाजीनगरच्या विमानतळावरून निघालेली गाडी थांबते. आतून समता, उंच आल्वारो आणि सुती झगा घातलेल्या पिलारबाई उतरतात. समोर अख्खी गल्ली पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. सगळ्यांचे डोळे ओले, सगळे खदाखदा हसताहेत. हातात हार आहेत. ते ज्याच्यासाठी आणले तो जिवंत निघाल्यामुळे आता करायचं काय, असा प्रश्न होता. आक्कानं तो सोडवला. पहिला हार तिनं पिलारबाईंच्या गळ्यात घातला. मग सगळ्यांनीच आपापले हार मोकळे केले. पिलारबाईंचं नुसतं नाक दिसायला लागलं.

"पप्पा, हे काय?" समता माझ्या कानाशी आली. "एवढी माणसं? आणि तो फ्लेक्स..."

"वाचलं का त्यांनी?"

पिलारबाई फ्लेक्सकडेच पाहत होत्या. मीही पहिल्यांदा, लांबून, नीट पाहिलं आणि माझं मलाच वाटलं, की या गृहस्थांच्या घरी जाऊन यायला हवं. पण त्याहून मोठा धक्का पुढं होता. बांधताना वाहेदनं दोरी करकचून ओढली होती. उजव्या बाजूला फ्लेक्सला चुणी पडली होती आणि त्या चुणीत 'पापा'वरची रेघ साफ गिळली गेली होती! चिखलीच्या भर गल्लीत, हार घालून, काळ्या चौकटीत, खाली लिहिलेलं होतं, समताचा बटाटा.

पिलारबाई हारांच्या आत हसत होत्या, इतक्या की हार हलत होते. मग त्यांनी डोळे पुसले, माझ्यासमोर आल्या आणि अगदी हळू काहीतरी विचारलं.

"त्या म्हणतात," समता म्हणाली, "फ्लेक्सवरचं वाचलं. पण तुम्ही सांगा. पोरगी एवढी दूर येणार. तुमचं मनापासून हो आहे का?"

मी सवयीनं मागे वळून पाहिलं. माझ्या डावीकडे, उंबऱ्याच्या बाजूला, जिथून ही हात पुसत यायची. तिथं गुलाबराव उभे होते.

"बोला की बावा," ते म्हणाले. "मेल्यावर कोनी इचारत नाही."

"सी," मी म्हणालो.

आवाज निघाला! पण मला एकदम भीती वाटली, हे बिनरेघेचं तर झालं नाही ना? म्हणून मी पुन्हा, गल्लीभर ऐकू जाईल असं, "सी!" म्हणालो आणि उजवा हात उंच करून स्वतःच्या डोक्यावर हवेत एक तिरकी रेघ ओढली. खात्रीची. ठळक.

मंडळींना वाटलं, स्पेनमध्ये असाच नमस्कार असणार. क्षणात सगळ्या गल्लीनं हात वर केले. "सी!" आणि डोक्यावर रेघ. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी रेघा ओढल्या, आक्कानं पदर सावरत ओढली. पिलारबाई आधी बघतच राहिल्या. मग त्यांनीही हारांतून कसाबसा हात काढला, "सी!" म्हणाल्या आणि रेघ ओढली. आल्वारोनं दोन ओढल्या. समता माझ्या गळ्यात पडून रडत होती, आणि मी तिला म्हणत होतो, "अगं, हो म्हणालो ना मी. मीच म्हणालो."

रविवारी साक्षगंध झालं. शनिवारी राहून गेलेल्या परित्राण पाठाला, मला उचलायला आलेली सगळी मंडळी पुन्हा आली, शिवाय ट्रॅक्टरवाले शंकरराव सपत्नीक. कपडे पुन्हा धुवायचीही गरज पडली नाही, असं आक्का म्हणाली. लग्न वैशाखात सेव्हिलला आहे आणि पिलारबाईंनी आक्काचंही तिकीट काढायला सांगितलंय. मला त्या जाताना बटाटाच म्हणाल्या. रेघेशिवाय, मुद्दाम.

पाहुण्यांना पोचवून येताना मी वाहेदच्या दुकानात शिरलो. फ्लेक्स उतरवून त्यानं नीट गुंडाळून ठेवला होता. चुणीबद्दल त्याला फार वाईट वाटत होतं.

"माफ करा सर. एवढी मेहनत केली आपन, अन् एक रेघ गेली."

"जाऊ दे रे. काम झालं."

"नाही सर, माह्या मनाले लागलं ते. तुमचं डिझाइन म्या सेव्ह करून ठेवलं हाय." त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. काळ्या जमिनीवर हार घातलेला मी, आणि फाइलचं नाव 'शंकरराव फायनल'. "पुढं कधी लागलं तं नवं काहीच करावं लागनार नाही. फकस्त तारीख बदलाची."

मी पडद्यावर फोटोखालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आणि 'पापा'वरची रेघ?"

"ते तुमी माह्यावर सोडा," वाहेद छातीवर हात ठेवून म्हणाला. "त्या टायमाले दोरी म्या ढिली बांधीन."